भुजंगकाका आणि रेणूचं हेल्मेट

घरात कोणतीही नवी वस्तू आली की भुजंगकाका आधी ती चावून बघतात. सोयाबीन चावून बघणं आपण समजू शकतो. हरभरा, हळद हेही समजू शकतो. पण मी आणलेला नळाचा प्लॅस्टिकचा पाइप, माझ्या मुलीच्या दप्तराचा पट्टा आणि एकदा तर आमच्या शाळेत आलेला खडू, हे सगळं काकांच्या दाताखालून गेलेलं आहे. खडू चावून त्यांनी "लिहिणार न्हाई हा" असा निकाल दिला. तो खरोखरच फळ्यावर उमटला नाही, हेही मला कबूल केलं पाहिजे.

काका आमचे शेजारी. जवळा बाजारच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत दुकानावर त्यांनी चाळीस वर्षं माल तपासला. शेतकरी पोती घेऊन यायचा, काका पोत्यात खांद्यापर्यंत हात घालायचे, तळाची मूठ काढायचे, एक दाणा दाताखाली धरायचे आणि ओल किती ते सांगायचे. पुढे ओल मोजायचं मशीन आलं. तरी लोक मशीनचा आकडा बघून झाला की काकांच्या तोंडाकडे बघायचे. सख्ख्या भावाची पोतीसुद्धा त्यांनी एकदा "तळाशी भिजलेला हाय" म्हणून बाजूला काढली होती. भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता. काकांना त्याचं दुःख झालं, पण माल भिजलेला होता तो होताच.

"वरची मूठ सगळ्याहीची चांगली असती, गुरुजी," हे त्यांचं आवडतं वाक्य. "तळाशी हात घाला."

काम सुटलं, तरी तळाशी हात घालायची खोड काही सुटली नाही. देवळात प्रसादाचा शिरा आला तर काका द्रोण उलटा करून खालची बाजू बघतात. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली तर "तुमी घेता का ही?" असं विचारतात. आमच्याकडून उसनी साखर परत गेली की वाटीत बोट घालून तळापर्यंत फिरवतात. चौदा वर्षांच्या शेजारानंतर हे बघून मला राग येतो, आणि मी तो दर वेळी गिळतो. गावात कुणाची सोयरीक ठरत असली तर मुलीकडचे मात्र त्यांना मुद्दाम बोलावतात. एका नवरदेवाला त्यांनी चहा होताच बूट काढायला लावले. पायमोज्यातून दोन अंगठे बाहेर आले होते. "वरून सूट अन् तळाशी भोक," असं म्हणून काका पोह्यांकडे वळले.

या माणसाच्या पोटी रेणू कशी जन्माला आली, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. रेणू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी, वय तेवीस. औंढ्याला एका गॅरेजात ती दुचाकी दुरुस्त करते. ती सगळ्यांवर विश्वास ठेवते. गिऱ्हाईक म्हणालं, उद्या गाडी न्यायला येतो, की ती खरंच वाट बघत बसते. काकांना या गोष्टीचा भारी घोर. "हिला कोणीबी फसवील," असं ते मला आठवड्यातून दोनदा सांगतात, आणि सांगताना माझ्याकडेही जरा रोखून बघतात.

तर या रेणूची मोटारसायकलच्या शर्यतीसाठी निवड झाली. दक्षिणेत कुठेतरी मोठ्या ट्रॅकवर नवख्या मुलींची शर्यत होती. गाडी आणि कातडी सूट तिकडचे लोक देणार होते, हेल्मेट मात्र ज्याचं त्यानं आणायचं. शर्यतीआधी तिथला तपासनीस प्रत्येक हेल्मेट हातात घेऊन बघणार. चीर दिसली, अस्तर सुटलेलं दिसलं, पट्टा सैल दिसला, की खेळणारी बाहेर.

ही बातमी ऐकून काका दोन दिवस हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. तिसऱ्या दिवशी रेणूनंच तोडगा काढला. "बाबा, तुमी जे हेल्मेट पास करताल तेच घालीन. तुमी न्हाई म्हणलं तर मी जात न्हाई. बास?" काकू ओट्यावर गहू निवडत होत्या, त्यांनी मान वर केली. काका म्हणाले, "बघू." मी कुंपणापलीकडून सगळं ऐकत होतो आणि मनात म्हटलं, संपलं. आता ही पोरगी काही जात नाही.

हेल्मेटला काका टोपडं म्हणतात. तान्ह्या पोराला घालतात ते टोपडं. पहिलं टोपडं रेणूनं मोबाइलवरून मागवलं. खोकं आलं. काकांनी हात थेट तळाशी घातला आणि त्यांना एक पांढरी पुडी सापडली. ओल शोषायची पुडी, नव्या वस्तूंसोबत येते ती.

"ही पुडी काहून टाकली?" काकांनी मला बोलावून विचारलं.

"ओल धरू नये म्हणून टाकतात काका, सगळ्याच वस्तूंत."

"ओल असल्याबिगर कोणी पुडी टाकंल का, गुरुजी?"

त्यांनी आतलं अस्तर दाताखाली धरलं, डोळे मिटले आणि "बारा टक्के" असं जाहीर केलं. मग ते हेल्मेट पत्र्यावर, उकडून वाळत घातलेल्या हळदीशेजारी, चैत्राच्या उन्हात दोन दिवस पालथं पडलं. तिसऱ्या दिवशी आतला गोंद वितळून अस्तर लोंबायला लागलं होतं. वर सगळ्या हेल्मेटला हळदीचा वास. अस्तरावर काकांच्या दातांची खूण होती ती वेगळीच.

माझा संशय पक्का झाला. चाळीस वर्षं माल तपासलेल्या माणसाला एवढं कळत नाही? हा म्हातारा मुद्दाम दिवस घालवतोय. मी रेणूला बाजूला घेऊन तसं स्पष्ट सांगितलं. ती हसली. "गुरुजी, बाबाला सगळीकडं ओल दिसती. मुद्दाम न्हाई करणार ते." मी म्हटलं, बाई, तू कुणालाही चांगलंच म्हणशील.

तिची गाडी सुटायला एक दिवस उरला तेव्हा आम्ही तिघं नांदेडला गेलो. मी का गेलो? काकांवर नजर ठेवायला. खरं तेच सांगतो.

दुकान रफीकभाईंचं होतं. पन्नाशीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी टेप काढली आणि रेणूच्या भुवयांच्या जरा वरून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग धरून माप घेतलं. काकांनी खिशातून सुतळी काढली. घरून माप घेऊन, गाठ मारून आणली होती. सुतळी टेपपेक्षा तीन बोटं जास्त भरली.

"टेप तुमची रबरी हाय," काका म्हणाले.

"चाचा, आपने बच्ची का अंबाडा भी नाप लिया," रफीकभाई शांतपणे म्हणाले. रेणूनं केस सोडले, मानेजवळ सैल वेणी घातली आणि काकांनी सुतळीनं पुन्हा माप घेतलं. आता दोन्ही जुळलं. काकांनी तरी टेप ओढून बघितली.

मग निकाल सुरू झाले. पहिलं हेल्मेट त्यांनी बोटानं वाजवलं आणि परत दिलं. दुसऱ्याचा पट्टा चावला आणि परत दिलं. तिसरं रेणूनं घातलं, काकांनी भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास मोजला, काढल्यावर कपाळाच्या मधोमध लाल वण उठला होता. "हिचं डोकं लांबट हाय, हे गोल हाय. दोन तासानं हिला तकलीफ व्हईल," काका म्हणाले. रफीकभाईंनी मान डोलावली. चौथं गालाला बरं वाटत होतं. काकांनी पट्टा आवळून बांधला, रेणूला मान खाली घालायला लावली आणि मागची कड धरून वर लोटली. हेल्मेट सरळ पुढे येऊन तिच्या नाकावर बसलं. "पडल्यावर हे आधी पळून जाईल," काका म्हणाले.

रफीकभाई आधी वैतागले होते, आता ते खुर्ची पुढे सरकवून बघत होते. "चाचा, आप इधरीच बैठो. दुकान संभालो मेरी." मी मात्र काकांना पकडायला टपलो होतो. प्रत्येक नकाराला कारण खरं होतं, हीच तर अडचण होती. नाही म्हणणारा माणूस हुशार असला की त्याला पकडणार कसं?

पाचवं हेल्मेट काळंभोर होतं. रेणूनं दोन्ही पट्टे बाजूला ओढून ते घातलं तेव्हा तिचे गाल वर चढले आणि बोलताना ओठांचा चंबू झाला. "घट्ट हाय," ती म्हणाली. "नवं घट्टच पाहिजे," रफीकभाई म्हणाले, "गाल की गद्दी बाद में बैठती." काकांनी दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावीउजवीकडे वळवलं. हेल्मेटसोबत तिच्या कपाळाची कातडीही सरकत होती, म्हणजे आत पोकळी नव्हती. मागून लोटलं, हललं नाही. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम गेलं.

"आता गाडीवर बस," काका म्हणाले.

दुकानात गाडी कुठली? काकांनी स्टूल ओढलं, तिला त्यावर बसवलं, स्वतः समोर वाकून उभे राहिले आणि दोन्ही हात मुठी वळून पुढे केले. "धर."

रेणूनं बापाच्या मुठी धरल्या आणि शर्यतीत बसतात तशी छाती टेकवून वाकली. काका मोटारसायकल होऊन तसेच उभे. "वर बघ. रस्ता दिसतो का? वरची कड आडवी येती का?"

"सगळं दिसतंय बाबा. तुमचा सदरा दिसतोय, चेहराबी दिसतोय."

अर्धा तास ते तसेच होते. मधे एक गिऱ्हाईक आलं, बघून परत गेलं. हेल्मेट निघालं तेव्हा कपाळावर वण नव्हता, गाल तेवढे सगळीकडून सारखे लाल झाले होते. रेणू तोंड धुवायला मागे मोरीकडे गेली.

काकांनी हेल्मेट उलटं करून तळाशी हात घातलाच. आत गालाच्या गाद्यांना दोन लाल पट्ट्या होत्या, बोटभर लांब.

"हे काय?"

रफीकभाईंनी आधी मोरीकडे पाहिलं. मग त्यांनी एक पट्टी ओढली. गालाची गादी खालून सरकत बाहेर आली. "खेळणारा गिरा तो ये खींचते चाचा. दोनों गद्दी निकालते, फिर हेल्मेट आराम से निकलता. गर्दन को झटका नई लगता. वहाँ के लोगों को मालूम रहता."

काकांनी गादी परत बसवायला लावली, आणि पुन्हा काढायला लावली. मग ते हेल्मेट त्यांनी स्वतःच्या डोक्यात कोंबलं, बाकावर आडवे झाले आणि मला म्हणाले, "काढा."

मी पट्ट्या ओढल्या आणि हेल्मेट खेचलं.

"न्हाई. हळू," आतून आवाज आला. "मान धरा एका हातानं. तिची मान बारीक हाय."

दुसऱ्यांदा मी मान धरली. हेल्मेट निघालं तेव्हा काकांचे डोळे पाण्यानं भरले होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी या माणसाची लबाडी शोधत होतो, आणि तो इतके दिवस फक्त घाबरलेला होता.

"गुरुजी," ते छताकडे बघत म्हणाले, "तिकडं हिला ओळखणारं कोणीबी न्हाई. पडली तर हिचं नाव घेऊन कोण हाक मारंल?"

मी म्हटलं, "काका, तुम्ही नाही म्हणा. ती ऐकेल." खरंच म्हटलं. त्या क्षणी मला शर्यत, ट्रॅक काही नको होतं. नाही म्हणायला त्यांना एक शब्द पुरणार होता. गाल घट्ट हाय, एवढं म्हटलं की झालं.

रेणू ओढणीनं तोंड पुसत आली. "बाबा, काय ठरलं?"

काकांनी हेल्मेट पुन्हा हातात घेतलं, उलटसुलट केलं. एवढ्या वेळात त्यांनी ते एकदाही चावलं नव्हतं, आणि आताही चावलं नाही.

"हे बराबर हाय," ते म्हणाले.

रेणूनं ते उचललं आणि पिशवीत घातलं. एका शब्दानंही काही विचारलं नाही. रफीकभाईंशी ती रस्त्याच्या, ट्रॅकच्या गप्पा मारायला लागली. काका पायऱ्या उतरून बाहेर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो.

"ऐन वेळी तुम्ही हो म्हणालात," मी म्हटलं.

"न्हाई म्हणणार होतो," काका म्हणाले. "तोंडापर्यंत आलतं, गुरुजी. पण मी न्हाई म्हणलो असतो, तर तिनं ते टोपडं पुन्हा घालूनबी बघितलं नसतं. तसंच ठेवून दिलं असतं अन् माह्यासंगं घरी आली असती. हिला कोणीबी फसवील म्हणतो मी, अन् फसवणारा पहिला मीच निघालो असतो."