तळहाताची झेरॉक्स

म्हस्के सर चूक कधी खोडत नाहीत. चुकीवर एक बारीक आडवी रेघ मारतात, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर ते लिहितात आणि मग सही, तारीख. औषधाच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत हा नियमच असतो. बाकीचे तो गेटबाहेर पडताना तिथंच ठेवून जातात. सर ठेवत नाहीत. एकदा त्यांना लग्नाची पत्रिका आली, तिच्यात मुहूर्त पाकिटावर सकाळचा आणि आत सायंकाळचा. सरांनी नवरदेवाच्या बापाला खरं काय ते विचारलं, चुकलेल्या शब्दावर रेघ मारली, सही-तारीख टाकली आणि पत्रिका त्याच्याच हातात परत दिली. उरलेल्या सगळ्यांवर असंच करा म्हणाले.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी, तिथल्या तपासणी विभागाचे ते प्रमुख. पन्नाशी उलटलेली, लग्न नाही, शहरात छावणी भागात भाड्याच्या खोलीत राहतात. डब्यासोबत लोणच्याची बाटली आणतात, तिच्यावर चिठ्ठी: उघडल्याची तारीख, संपवायची तारीख, सही. "लिवलं नाय, तर झालं नाय," हे त्यांचं पालुपद. आमच्यातल्या एकाला मुलगी झाली. सरांनी पेढा खाल्ला आणि महापालिकेत नोंद केली का ते विचारलं. चार दिवस रोज विचारलं.

मी देवगाव रंगारी या खेड्यातली. वडील गवंडी. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिलीच. माझं एम.एस्सी.चं प्रमाणपत्र वडिलांनी बुद्धाच्या तसबिरीखाली फ्रेम करून लावलंय. दोन वर्षं मी सरांच्या हाताखाली कंत्राटावर होते. नीट काम कशाला म्हणतात ते मला त्यांनीच दाखवलं.

मग एकाच आठवड्यात दोन कागद आले. कंपनीनं कायम नेमणुकीचं पत्र दिलं. शनिवारी सकाळी सही करून परत द्यायचं होतं. आणि विद्यापीठात पीएच.डी.ला माझा नंबर लागला. शुक्रवारी पाचच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला. संशोधन करावं असं मला बी.एस्सी.पासून वाटत होतं. पण कॉलेजात माझ्या पुढं असलेल्या ताई-दादांना मी बघत होते. पीएच.डी. होऊनही तासाच्या पैशावर शिकवत फिरणारे, दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करणारे. तिकडं वडिलांनी पोरगी पर्मनंट झाल्याचं गावभर सांगूनही टाकलं होतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मंगळवारी त्याच तंद्रीत माझ्याकडून चूक झाली. नमुन्याचं वजन केलं, वही दुसऱ्या टेबलावर राहिली होती, तर मी आकडा पेनानं तळहातावर लिहिला. मागं वळले तर सर.

"हात दाखव."

मी दाखवला आणि लगेच बेसिनकडं निघाले.

"धुवायचं नाय. ती मूळ नोंद हाय."

सरांनी मला मनगटाला धरून ऑफिसात नेलं, तळहात मशीनवर ठेवायला लावला, वरून रुमाल झाकला आणि झेरॉक्स काढली. ती वहीत चिकटवून कारणासकट माझी सही घेतली, खाली स्वतःची केली. माझी आयुष्यरेषा अजून त्या रेकॉर्डात असेल. सगळी लॅब हसत होती. मला मात्र रडू फुटलं.

सरांनी दार लोटून घेतलं. मी सगळं सांगितलं. ते पेनाचं टोपण काढत-लावत बसले. वडील काय करतात, वय काय, पाठीवर कोण आहे, एवढंच विचारलं.

"कंपनीत राहा," म्हणाले. "इचार करायचाच नाय त्यात."

सरांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी तपासलेली नोंद. तरी जीव हलका होईना. बुधवार गेला, गुरुवार गेला. विद्यापीठातल्या शेख मॅडम माझ्या मार्गदर्शक होणार होत्या. त्यांना फोनवर नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. आमच्या कंपनीची आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. मी समोर जाऊन माफी मागायला निघाले.

विभागात पोचले तेव्हा मॅडमचा एम.एस्सी.चा तास चालू होता. मी दारातून आत पाहिलं. शेवटच्या बाकावर, वीस-एकवीस वर्षांच्या पोरांच्या मागं, म्हस्के सर बसले होते. मान खाली घालून फळ्यावरचं भराभर उतरवून घेत होते.

तास सुटला. मला बघताच ते वही पाठीमागं धरून उभे राहिले.

"मॅडम अन् मी एका वर्गातले," म्हणाले. "त्या राहिल्या, मी कंपनीत गेलो. शुक्रवारी येऊन बसू देत्यात. लॅबमधी बोलू नको."

"मग मला कंपनीत राहा का म्हणालात, सर?"

सरांनी पाठीमागची वही पुढं घेतली.

"तुझ्या वडलांकडं बघून म्हणलो. तुझ्याकडं बघायचं राहून गेलं." मग घड्याळ पाहिलं. "पाचाला पंचवीस कमी हायेत. मॅडम खोलीत गेल्या. वडलांना काय सांगायचं ते मी येतो सांगायला, देवगावला."

मी आत गेले. माफी मागायला जे जुळवलं होतं ते तोंडातून निघेना. मॅडमनी रुजू होण्याचा अर्ज पुढं सरकवला. मी सही केली.

बाहेर आले तर सर तिथंच, भिंतीला टेकून.

"झालं?"

"झालं, सर."

त्यांनी मान हलवली. जायला वळले, दोन पावलांवर थांबले आणि वही उघडून माझ्यासमोर धरली. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

"आजचं शेवटचं मला नाय कळलं," ते हळूच म्हणाले. "वर्गात इचारायची लाज वाटती. तुला येळ असंल तर सांगशील का?"

मी वही घेतली. आम्ही विभागाच्या पायरीवर बसलो.