अण्णांच्या रेषेतला पांढरा पट्टा

आमच्या पिंपळवंडीत दिनकरअण्णांच्या शेताजवळून जाताना कधी दगड होऊन उभं राहावं लागेल, सांगता येत नाही. अण्णा एकदम हात वर करून ओरडतात, "हलू नका! जमीन बोलतीय!" मग उचललेला पाय हवेतच ठेवायचा. माझं गावात हार्डवेअरचं दुकान. अण्णांचा घण माझ्याकडचाच, म्हणून लोक शिव्या मलाच घालतात.

अण्णांनी भूगर्भ सर्वेक्षणातली सगळी नोकरी राजस्थानात, अरवलीत काढली. ते डोंगर इतके जुने की झिजून खुजे झालेत. पण त्यांची मुळं किती खोल गेलीत ते खोदून थोडंच दिसणार? म्हणून जमिनीत सुरुंग उडवायचे. हादरा खाली जातो, थरांवर आपटून परत येतो आणि जमिनीत टोचलेले जिओफोन तो टिपतात; कुणाचं पाऊल वाजलं तर तेही टिपतात.

"शेठ, ही हाक हाये," अण्णा मला समजावतात. "तीस-पस्तीस किलोमीटर खालनं ओ यायला दहा-बारा सेकंद लागत्यात. तवर गप ऱ्हायाचं."

निवृत्तीनंतर सुरुंग सुटले, सवय सुटली नाही. आता ते जमिनीवर लोखंडी प्लेट ठेवून घण मारतात आणि मुरूम कुठे संपतो, काळा पाषाण कुठे लागतो, ते लॅपटॉपवर बघतात. घणाची हाक उथळ. पापणी लवायच्या आत ओ येते, हेही त्यांनीच सांगितलेलं.

मध्यंतरी या दणक्यांनी बिबट्या पळतो अशी आवई उठली. ऊसवाल्या बायका बोलवायला येऊ लागल्या. अण्णा घण घेऊन जायचेही. "बिबट्याचं म्हाईत न्हाई, पण मुरूम लई भारी हाये तुमचा," असं प्रत्येकीला सांगून चहा पिऊन यायचे.

त्यांच्या विहिरीपासून टेकडीपर्यंत जिओफोनची सरळ रेष असते. पण लॅपटॉपवरच्या चित्रात मधोमध एक पांढरा पट्टा.

"इथं काय आहे?" मी एकदा विचारलं.

"हितं आमचा धाकटा हाये," अण्णा म्हणाले.

धाकटा म्हणजे भाऊ, बाळू; मधला तुकडा त्याच्या वाट्याचा, तिथे अण्णांचे जिओफोन जात नाहीत. वाटपाच्या वेळी बांधावरून दोघांचं बिनसलं, ते बिनसलंच. अरवलीची मुळं बघितलेल्या माणसाला हातभर बांधापलीकडे बघता येऊ नये, याची मी चारचौघांत टिंगल करायचो. मग एकदा अण्णा त्या पट्ट्यावरून नुसतंच बोट फिरवताना दिसले. त्यानंतर टिंगल करवेना.

गेल्या महिन्यात अण्णांची कंबर धरली आणि घण माझ्या हाती आला. मी मारला.

"शेठ, खिळा ठोकताय व्हय?"

पुन्हा मारला. बांधापलीकडे बाळू वैरण कापत होता. मधूनमधून माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. विळा टाकून तो बांध ओलांडून आला.

"सोडा राव, पायावर पडंल," म्हणत त्याने घण ओढून घेतला आणि असा दणका घातला की मी दोन पावलं मागे सरलो.

"हलू नगं बाळ्या!" अण्णा ओरडले.

किती वर्षांनी त्यांनी ते नाव घेतलं! बाळू जिथल्या तिथे थिजला. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारलं, "आली का ओ?"

"अजून न्हाई. लई खोल गेलीय. हुबा ऱ्हा."

मी लॅपटॉपकडे पाहिलं. रेघा केव्हाच उमटून गेल्या होत्या. अण्णांची पाठ स्क्रीनकडे होती. ते भावाकडे बघत होते.

मीही पाय हलवला नाही.