डेल्फिनाशेजारची जागा

पीच निवडावं तर एवासिओनं, असं एवासिओ स्वतःच सांगे. लाल गालाला भुलतात ती पोरं! तो देठाजवळचा रंग बघे. तिथं हिरवट झाक असली की फळ झाडावरून घाईनं उतरवलेलं. पिवळं असेल तरच घ्यावं. फळवाली बोट लावू देत नसे, म्हणून तो सरळ नाक लावी. बायको निवडतानाही आपण चुकलो नाही, असं तो पूर्वी वर जोडायचा. महिनाभर जोडत नव्हता.

डेल्फिनाला जाऊन तीस दिवस झाले होते. चर्चमधली महिन्याची प्रार्थना आटोपून तिची थोरली बहीण एर्मेलिंदा जेवायला येणार होती. दोघी बहिणींच्या माहेरच्या थडग्यात शवपेटीचा एकच कप्पा रिकामा उरला होता, डेल्फिनाच्या अगदी शेजारचा, आणि तो कुणाला मिळणार हे एर्मेलिंदाच्या सहीवर होतं. बहिणीला डॉक्टरकडे न्यायला एवासिओनं उशीर केला, हा राग तिनं अजून गिळला नव्हता. एवासिओला मात्र त्या कप्प्याखेरीज आता काहीच नको होतं.

म्हणून त्यानं डेल्फिनाची भरलेली पीच करायचं ठरवलं. तिच्या वहीत लिहिलं होतं: बदामी बिस्किटं, कोको, साखर, कोयीतली बी. माप कुठंच नाही. इटलीतल्या या पिएमोंते भागातल्या बायका माप लिहीत नाहीत, लागेल तेवढं घालतात. एवासिओनंही हात आखडता घेतला नाही. आठ फळांच्या कोयी फोडल्या, शिवाय डेल्फिनानं बरणीत वाळवून ठेवलेल्या सगळ्या. चाळीस बिया कुटून सारणात घातल्या.

जेवणानंतर त्यानं पाच फोडी खाल्ल्या. आतून कॉफी घेऊन येईतो एर्मेलिंदाची ताटलीही स्वच्छ झाली होती.

"अगदी डेल्फिनाच्या हातची चव," ती म्हणाली आणि चक्क पर्समधून थडग्याचा कागद काढून तिनं पेन मागितलं.

पेन वहीत होतं. ते काढताना पान उलटलं. मागं डेल्फिनाचंच अक्षर होतं: बी एकच घालावी. जास्त झाली तर विष.

एवासिओनं ते दोनदा वाचलं. क्षणभर त्याच्या मनात आलं, आधी सही होऊ द्यावी, दोन मिनिटांचा तर प्रश्न. मग स्वतःचीच त्याला भयंकर लाज वाटली.

"ताई, सही राहू द्या. मी तुम्हाला विष घातलंय."

त्यानं वही पुढं केली. एर्मेलिंदानं ती शांतपणे वाचली आणि पर्समधून रुमाल काढून उलगडला. आत तिच्या वाट्याच्या तिन्ही फोडी जशाच्या तशा होत्या.

"डेल्फिनाचीही मी अशीच घरी न्यायचे. अडतीस वर्षं. कोंबड्यासुद्धा शिवायच्या नाहीत. तू किती खाल्लीस?"

"पाच."

तिचा चेहरा उतरला. या खेपेला उशीर व्हायला नको, असं पुटपुटत तिनं एका हातानं डॉक्टरला फोन लावला आणि दुसऱ्या हातानं सही ठोकली.

"जागा तुझी. पण म्हणून आजच जाऊन पडू नकोस," असं म्हणताना ती रडत होती.

दवाखान्यात पोट धुऊन झाल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, इतकं कडूजहर घशाखाली उतरलं तरी कसं?"

एवासिओ ओशाळला.

"बायकोची अशीच लागायची. मला वाटलं, जमलं."