निरोपाचा सराव

केशोरीच्या नूतनचा जर्मनचा वर्ग मोबाइलवर चाले, सर आणि चार विद्यार्थी. ही मधल्या पातळीची परीक्षा पास झाली की जर्मनीतल्या दवाखान्यात नर्सची नोकरी ठरलेली. पण एकदा ती लेखनात आपटली होती, आणि हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. दवाखाना दिवाळीपर्यंतच थांबणार होता.

बोलण्याच्या परीक्षेत दोघांनी मिळून एखादा कार्यक्रम ठरवायचा असतो. आधी काय बोलायचे ते मराठीत ठरवा, मग जर्मन करा, असे सरांनी बजावले होते. म्हणून वर्गातली दुर्गेश्वरी चिचगडहून एसटीने आली आणि दोघी ओसरीवर बसल्या. विषय होता परदेशी जाणाऱ्या मैत्रिणीचा निरोप. रविवार ठरला, वीस माणसे ठरली, स्वयंपाक दुर्गेश्वरीने अंगावर घेतला.

अंगणात दोरी वळत बसलेल्या गोवर्धनच्या, म्हणजे नूतनच्या बापाच्या, कानावर हे सगळे पडत होते. त्याचे तोंड उतरले. बाप धडधाकट असताना पोरीला निरोप देणार कोण, तर चिचगडची मैत्रीण, आणि तोही वीस माणसांत! तो नूतनला एवढेच म्हणाला, "तू अभ्यास कर. बाकी मी पाहतो."

नूतनला वाटले, घरच्या म्हशीच्या चारापाण्याचे म्हणत असतील.

शनिवारी बाप अंगणात मंडपाचे खड्डे खोदताना दिसला, तशी ती धावत बाहेर आली.

"बाबा, तो तं सराव होता. परीक्षा मंगळवारी आहे. पास झाली तं जाईन न मी."

गोवर्धनची पहार हवेतच राहिली. "पहिलेच सांगाचं नाही का वं? आता तं उदाराम हो म्हनला."

उदाराम म्हणजे त्याचा चुलतभाऊ. बांधाच्या भांडणापासून चार वर्षे त्याने या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. तो एकदा हो म्हटल्यावर हा कार्यक्रम ब्रह्मदेवाच्या बापालाही मोडता आला नसता.

रविवारी तीनशे पान उठले. बायकांनी ओटी भरली. उदारामकाकाने चिन्नोर तांदळाचे पोते तिच्यापुढे आणून ठेवले, तिकडे भेटत नसेल म्हणून. नूतन सगळ्यांच्या पाया पडली आणि खरोखर रडली. त्यातले निम्मे रडणे परीक्षेचे होते.

मंगळवारी नागपुरात विषय निघाला निरोप समारंभाचाच. जोडीदार पोरगा जर्मनमध्ये म्हणाला, दहा जण बोलावू, केक आणू. त्याला पुढे बोलायला मिळालेच नाही. रुसलेल्या काकाला आधी घरी जाऊन बोलवावे लागते, भाताची मोठी गंजे दोन घरांतून आणावी लागतात, बायका रडणार म्हणून जेवण आधी उरकावे, असे नूतनने जर्मनमध्ये धडाधड सांगितले. परीक्षक पेन खाली ठेवून ऐकत राहिले.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. बोलण्यात शंभरपैकी सत्त्याण्णव, लेखनात पुन्हा नापास. एव्हाना रस्त्यात जो तो विचारत होता, "अजून गेली नाही का वं?"

तिने बापाला पहिल्या वेळेपासूनचे सगळे सांगून टाकले. गोवर्धनने ताटातला भात संपवला, हात धुतले.

"लिवाचं काय असते त्याच्यात?"

"चिठ्ठी. येऊ शकली नाही, माफ करा, अशी."

"वापस कधी आहे?"

"दिवाळीच्या पहिले. एकच डाव राहिला."

गोवर्धनने आत जाऊन निरोपाच्या पाहुण्यांची यादी आणली आणि तिच्यापुढे ठेवली.

"मंग लिव. काऊन गेली नाही म्हनून, एकेकाले. तीनशे होतेत. पहिले जर्मनमंदी, मंग आपल्या बोलीत." मग जरा थांबून म्हणाला, "उदारामची मात्र घरी नेऊन देजो."