रारोगची यादी

गुरुवारी सकाळी साडेसहाला तेओफिल व्रोनानं उद्यानाच्या बंद फाटकासमोर घडीची खुर्ची मांडली, तेव्हा नवा रोलर कोस्टर सुरू व्हायला दोन दिवस आणि साडेतीन तास अवकाश होता. शनिवारी सकाळी दहाला ‘रारोग’ पहिली फेरी मारणार, असं ओल्शिनी गावातल्या प्रत्येक खांबावर चिकटवलेलं होतं. त्या पहिल्या फेरीत, पहिल्या रांगेत, डाव्या हाताच्या जागेवर तेओफिलला बसायचं होतं. मागची रांग नको, दुसरी फेरी नको. बसेन तर तिथंच, नाहीतर घरी बसेन, असा त्याचा बाणा होता.

हे वेड एका दिवसाचं नव्हतं. तेओफिलनं अडतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना ब्रेक बसवले होते. निवृत्त झाल्यावर माणसं मासे पकडतात, मधमाश्या पाळतात. याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीसमोर नशिबानं साठ मीटर उंचीचा रोलर कोस्टरच उभा राहू लागला. दोन वर्षं तो दुर्बीण लावून बसला. शेवटचा रूळ बसला त्या दिवशी त्यानं आलुबुखाराच्या दारूची ठेवणीतली बाटली फोडली आणि न्हाव्यापासून औषधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं, की पहिल्या जागेवर मीच. आता ती जागा हुकली असती, तर तोंड लपवायला ओल्शिनीत माशांच्या तळ्याखेरीज दुसरं ठिकाण नव्हतं.

साडेसातला लेओकादिया गुझिक आल्या. या गावच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाचे कान त्यांनी पिळले होते आणि उरलेल्या अर्ध्या गावाला ते राहून गेल्याची खंत त्यांना होती.

“काय हो व्रोना, रांग कुठून सुरू होते?”

“माझ्यापासून.”

“आणि यादी?”

तेओफिलनं खिशातून चौकटीची वही काढली. पहिल्या पानावर ‘१. व्रोना, तेओफिल’ असं लिहिलेलं होतं. त्याखाली ‘२. व्रोना, होनोराता’. ही त्याची बायको. ती घरी झोपलेली होती आणि आपण रांगेत आहोत याची तिला कल्पना नव्हती.

गुझिकबाईंनी समाधानानं मान हलवली. ओल्शिनीत साठी ओलांडलेली तीन माणसं एकामागं एक उभी राहिली, की यादी झालीच म्हणून समजावं. जुन्या काळी दुकानं रिकामी असायची, तेव्हा एकेका रांगेत तीन-तीन दिवस जायचे. म्हणून वही करायची, नंबर घ्यायचा, घरी जायचं आणि दिवसातून तीनदा हजेरीला यायचं. हजेरीला नसलं, की नाव खोडलं. पुढं दुकानं भरली, सरकारं बदलली, पण हाडीमासी खिळलेली शिस्त अशी थोडीच जाते?

तेओफिलच्या तर ती काळजाला लागलेली होती. लग्नानंतरच्या वर्षी वॉशिंग मशीनच्या रांगेत त्याचा नंबर चौथा होता. हजेरीच्या वेळी तो गरम पाव आणायला कोपऱ्यावर गेला आणि खोडला गेला. मशीन गेलं. होनोरातानं पुढं तीन वर्षं चादरी हातानं धुतल्या आणि प्रत्येक चादर पिळताना त्या पावाचा उद्धार केला. तेव्हापासून नियम म्हणजे नियम, असं तेओफिलनं ठरवून टाकलं होतं.

त्यानं दहा नियम लिहिले. हजेरी आठ, दोन आणि आठला. दुसऱ्याच्या नावाला तिसऱ्यानं ओ द्यायची नाही. सातवा नियम त्यानं खाली रेघ मारून लिहिला: हजर म्हणजे फाटकासमोर, जमिनीवर, उभा. समितीचा अध्यक्ष तेओफिल, सचिव गुझिकबाई.

नऊ वाजता एक म्हातारी बाजाराची पिशवी घेऊन चालली होती. वही दिसताच तिचे पाय आपोआप थांबले.

“काय मिळतंय हो?”

“रोलर कोस्टर, आजी.”

“माणशी किती?”

“एक.”

“मग माझं लिहा आणि माझ्या बहिणीचं लिहा. ती उद्या येईल. ताजा आहे ना?”

“कालच तेल दिलंय,” तेओफिल म्हणाला. खोटं त्याला बोलता येत नसे.

संध्याकाळच्या हजेरीला एक्केचाळीस नावं होती. शुक्रवारी दुपारपर्यंत दोनशे तेरा झाली. काही जण शेजारच्या गावातून आले, काही नुसते वही बघून आले. होनोराता शिव्या घालतच हजर झाली होती. पिएरोगीचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा, डबा तिनं नवऱ्याच्या मांडीवर आदळला.

“मला न विचारता माझं नाव घातलंस? मी त्या सापळ्यात बसणार नाही, सांगून ठेवते!”

“बसू नकोस. पण हजेरीला ये. दुसऱ्या नंबरचा माणूस गैरहजर राहिला, तर अध्यक्षाची अब्रू काय राहील?”

“तुझ्या अब्रूला ना, उन्हात वाळत घातली पाहिजे,” होनोराता म्हणाली. पण आली प्रत्येक हजेरीला, तेही दोन मिनिटं आधी.

आता झालं असं, की दोनशे तेरा माणसं हजेरीला एकदम आली, की फाटकासमोरचा रस्ता बंद. आइस्क्रीमची गाडी बाहेर अडकली. झेंडे लावणारे बाहेर अडकले. आतल्या लोकांना वाटलं, बाहेर दंगल होणार. उद्यानाचा संचालक दामियान हा तिशीतला, गुळगुळीत दाढीचा, घाबरट पण भला मुलगा. त्यानं आतली सगळी माणसं, तिकीटवाले, माळी, अस्वलाचा पोशाख घालणारा, असे होते नव्हते ते फाटकावर उभे केले आणि अध्यक्षांना चर्चेसाठी आत बोलावलं. तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते.

“काका,” दामियान हात जोडायच्या बेतात होता, “ही गर्दी तेवढी हटवा.”

“गर्दी नाही ती, साहेब. यादी आहे.”

“अहो, पण आम्ही यादी मागितलीच नव्हती!”

“यादी कुणी मागत नसतं. ती करावी लागते.”

इतक्यात एक तंत्रज्ञ पळत आला. क्राकूफहून आलेले तपासनीस रारोगच्या फलाटावर घड्याळ बघत उभे होते. सगळ्या जागा भरून एक फेरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते सही करणार नव्हते, आणि अडीचची गाडीही चुकवणार नव्हते. सही नाही, तर उद्या उद्घाटन नाही.

“अठ्ठावीस जागा आहेत. सत्तावीस माणसं जमवली,” तंत्रज्ञ धापा टाकत म्हणाला. “बाकी सगळे तुम्ही फाटकावर धाडलेत.”

“मग तू बस!”

“मी बसलो तर बटण कोण दाबणार?”

“मीच बसलो असतो,” दामियान म्हणाला, “पण मला... मला नुसत्या लिफ्टनंसुद्धा...” आणि दोघांनी एकाच वेळी तेओफिलकडं पाहिलं.

तेओफिलनं घड्याळ पाहिलं. एक अठ्ठेचाळीस. “किती वेळ लागतो फेरीला?”

“दोन मिनिटं, काका.”

हिशेब सरळ होता. एक पन्नासला बसायचं, बावन्नला उतरायचं, पंचावन्नला फाटकावर. शिवाय आपण नाही म्हटलं तर उद्घाटनच बारगळणार आणि दोनशे तेरा लोकांचा विश्वासघात होणार. तो फलाटावर गेला. सत्तावीस जणांनी हुशारीनं मागच्या जागा पटकावल्या होत्या. रिकामी होती ती एकच जागा, पहिल्या रांगेत, डाव्या हाताची.

दोन वर्षं ज्या जागेकडं दुर्बिणीतून पाहिलं, ती आज आपणहून तेओफिलपुढं उघडी पडली होती. तो बसला. खांद्यावरचा दांडा खाली आला. इथपर्यंत सगळं वेळेत होतं.

पण तपासनीस हा माणूस तेओफिलच्याच जातकुळीचा निघाला. त्यानं अठ्ठावीसही दांडे स्वतःच्या हातानं ओढून पाहिले. मग उलट्या क्रमानं पाहिले. मग चष्मा पुसला. एरवी तेओफिलनं अशा माणसाची पाठ थोपटली असती. आता तो दांड्याखाली नुसता चुळबुळत होता.

“साहेब, जरा आटपा हो!”

“सुरक्षिततेत घाई नाही,” तपासनीस म्हणाला आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.

गाडी हलली तेव्हा दोनला एक मिनिट कमी होतं. साखळी कडकड करत डबे वर ओढू लागली. वीस मीटर, चाळीस मीटर. तळी दिसली, चर्चचा मनोरा दिसला, सबंध ओल्शिनी पायाखाली आलं. तेओफिलला त्यातलं काही दिसलं नाही. त्याचे डोळे फाटकावर खिळलेले होते. तिथं गुझिकबाई शाळेचा कर्णा घेऊन बाकावर चढत होत्या. मनोऱ्यात दोनचे टोल पडले.

“क्रमांक एक!” कर्णा गरजला. “व्रोना, तेओफिल!”

“आहे!” तेओफिल साठ मीटरवरून ओरडला.

गुझिकबाईंनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. वर पाहायचं त्यांना काही कारण नव्हतं.

“दुसऱ्यांदा! व्रोना, तेओफिल!”

“आ—” तेओफिलनं सुरुवात केली आणि त्याच क्षणी रारोग सुटला. तो ‘आ’ सरळ खाली आला, जमिनीलगत वळला, पुन्हा वर चढला, एकदा उलटा झाला, तळ्यावरून बदकं उडवत गेला आणि फाटकाच्या डोक्यावरून परत फिरला. दोनशे बारा माना त्याच्यामागं गरागरा फिरल्या.

“तो बघा वर!” होनोराता ओरडली. “ओ देतोय तो!”

“कळतंय मला,” गुझिकबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरोखर पडला होता. “पण सातवा नियम आहे. जमिनीवर, उभा. तिसऱ्यांदा! व्रोना, तेओफिल!”

त्या वेळी तेओफिल दुसऱ्यांदा उलटा होता.

बाईंनी पट्टी धरली, लाल पेन काढलं आणि नाव खोडलं.

तपासनिसांनी सही केली आणि अडीचची गाडी गाठली. तेओफिल फाटकावर आला. त्यानं वही पाहिली. खोडलेल्या माणसाला समितीकडं अर्ज करता येतो, असा नववा नियम होता. तेओफिलनं तिथंच अर्ज लिहिला. मग अध्यक्ष म्हणून तो लक्षपूर्वक वाचला आणि फेटाळला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडं करणार?

“निदान बसलात तरी,” गुझिकबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. “सगळ्यांच्या आधी, पहिल्या जागेवर. कसं होतं हो?”

तेओफिल आठवू लागला. “खरं सांगू?” तो हळूच म्हणाला. “मला नुसतं माझं नाव ऐकू येत होतं.”

त्यावर कुणी हसलं नाही, हे गावाच्या चांगुलपणाचं लक्षण. फक्त होनोराता म्हणाली, “त्या वेळी निदान पाव तरी मिळाला होता.”

यादी एकेक पायरी वर सरकली आणि पहिला नंबर होनोराताचा झाला. मी बसणार नाही, असं तिनं रात्रीच्या जेवणात चारदा सांगितलं. पहिला नंबर रिकामा गेला तर यादीला अर्थ काय, असं तेओफिलनं पाच वेळा सांगितलं. पाच हे चारापेक्षा जास्त. तेओफिलनं स्वतःचं नाव वहीत पुन्हा लिहिलं, अगदी खाली, दोनशे तेरावं.

शनिवारी फाटक उघडलं. बँड वाजला, दामियाननं फीत कापली. लगेच तो गर्दीतून वाट काढत शेपटाकडं आला.

“काका, चला पुढं! तुमच्यामुळं सही झाली. पहिल्या रांगेत तुमची जागा ठेवलीय मी.”

“वहीत तसं नाही,” तेओफिल म्हणाला. मन त्याचंही कुरकुरत होतं, पण पाय हलले नाहीत.

पहिली गाडी वर चढली. पहिल्या रांगेत डाव्या हाताला फुलाफुलांचा रुमाल बांधलेलं एक डोकं होतं आणि ते डोकं वर जाईपर्यंत नवऱ्याच्या नावानं काय काय बोलत होतं ते खालपर्यंत ऐकू येत होतं. मग गाडी सुटली आणि रुमाल एकीकडं, गाडी दुसरीकडं. बाईमाणसाला उगाच भरीला घातलं, असं तेओफिलला वाटून गेलं. घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय, याचाही अंदाज तो घेऊ लागला.

पाचेक मिनिटांनी होनोराता बाहेर आली. केस चारी दिशांना उभे, गाल लालबुंद. बाहेरच्या वाटेवर ओळखीच्या बायका थांबल्या होत्या. त्यांच्याकडं तिनं पाहिलंही नाही. घराकडं जाणाऱ्या रस्त्याकडं वळलीही नाही. ती तरातरा चालत सबंध रांगेला वळसा घालून शेपटाशी आली आणि अनोळखी बाईसारखी तेओफिलच्या पाठीमागं उभी राहिली.

“काय हो,” तिनं विचारलं, “इथं शेवटचं कोण?”

तेओफिल वळला. “मी.”

“बरं,” होनोराता म्हणाली आणि केस सारखे करू लागली. “मग मी तुमच्या मागं.”