नेमाचे डोळे आणि केशरी रताळी

एका जंगलात... आपल्याकडच्या नव्हे हो मुलांनो, समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतल्या जंगलात एक ओढा होता. ओढ्याच्या दोन्ही काठांवर साळिंदरं राहायची. अलीकडे रेहेमा राहायची आणि पलीकडे तिची मैत्रीण बाहाती.

बाहातीला नेमा नावाची मुलगी होती. मुलगी गुणाची, पण वस्तीतल्या बऱ्याच पिल्लांसारखं तिलाही ऊन उतरलं की दिसेनासं व्हायचं. तुम्हाला दिसलं नाही तर तुम्ही फार तर टेबलाला धडकाल. साळिंदरांच्या वस्तीत धडकायचं म्हणजे कुणाच्या तरी काट्यांना! नेमाचं नाक कायम सुजलेलं असायचं. आईचा जीव तीळ तीळ तुटायचा.

अशात तिथे एक प्रकल्प आला. आधी पाटी आली, मग छत्र्या आल्या आणि मग थंड प्रदेशातून पेंग्विन आले. त्यातला गुस्ताव पीएच.डी. करत होता. त्याच्या हाताखाली सहा इंटर्न होते. इंटर्न म्हणजे जो शिकायला येतो आणि छत्री धरून उभा राहतो.

प्रकल्पाने शेतात केशरी रताळी लावली. ती खाल्ली की अंधूक उजेडातही पिल्लांना दिसू लागतं, हे गुस्तावला सिद्ध करायचं होतं. त्याने चिठ्ठ्या टाकल्या. अलीकडच्या काठाला दर सोमवारी टोपलीभर रताळी मिळणार होती. पलीकडच्या काठाला काही नाही.

बाहाती ओढा ओलांडून आली.

"साहेब, दिसत नाही ते माझ्या पोरीलाही. मग तिला का नाही?"

"ताई, तिला न देणं हेच तर तिचं योगदान!" गुस्ताव म्हणाला. "इकडची पिल्लं नीट चालतील आणि तुमची नेमा धडपडत राहील, तेव्हाच रताळ्याचा गुण कळेल ना?"

"किती दिवस धडपडायचं तिनं?"

"सहाच महिने. मग आम्ही तिचे आभार मानू. शेवटच्या पानावर."

मला विचाराल तर त्याला तिथेच एक काटा टोचायला हवा होता. पण बाहाती सोशिक. ती ओढा ओलांडून घरी गेली.

त्या वस्तीत मात्र एक जुनी रीत होती. घरात नवं काही शिजलं की पहिली वाटी शेजारी जायची आणि आलेली वाटी कुणी रिकामी परत करायचं नाही. सोमवारी रेहेमाने रताळी उकडली आणि सुक्या भोपळ्याची वाटी भरून ओढ्यापलीकडे नेली. बाहातीने त्याच वाटीतून भुईमुगाच्या शेंगा धाडल्या. दोन्ही काठांवर घरोघरी हेच चाललं. त्यात लपवाछपवी कसली? भर दिवसा, गुस्तावच्या छत्रीपुढून वाट्या ये-जा करत होत्या.

इंग्रिड नावाच्या इंटर्नने ते पाहिलं.

"सर, त्या वाट्या बघितल्यात का?"

"प्रश्नावलीत वाटी आहे का?" गुस्तावने विचारलं.

नव्हती. प्रश्नावली घरीच, बर्फावर बसून तयार केलेली. तिच्यात एकेचाळिसावा प्रश्न होता, 'तुमच्या घरात बर्फ किती दिवस टिकतो?' बाहातीला दर आठवड्याला विचारलं जाई, "प्रकल्पाने तुम्हाला रताळी दिली का?" ती खरं तेच सांगे, "नाही दिली." इंग्रिड ते लिहून घेई आणि पुन्हा छत्री धरी.

सहा महिन्यांनी परीक्षा झाली. ऊन उतरल्यावर पिल्लांनी खुंटांच्या रांगेतून चालायचं होतं. अलीकडची पिल्लं नीट चालली. पलीकडचीही नीट चालली. नेमा तर धावतच गेली आणि वाटेत एक कंद उकरून खाऊनही आली. बाहातीला रडू आवरेना. गुस्तावही रडकुंडीला आला.

त्याने आकडेमोड केली. ज्यांना रताळी दिली ते बरे झाले. ज्यांना दिली नाहीत तेही तितकेच बरे झाले. फरक शून्य. त्याने लिहिलं, 'रताळ्याचा डोळ्यांवर काहीही परिणाम होत नाही. डोळे आपोआप सुधारतात. प्रकल्प बंद करावा व वेल उपटावेत.'

उपटायचं काम साळिंदरांनाच मिळालं. त्यांनी ते अगदी मन लावून केलं. एकूण एक वेल उपटला आणि आपापल्या बिळापाशी नेऊन लावला.

त्याच संध्याकाळी निरोपाचा फोटो काढायचा होता. सहा महिने गुस्तावने आणि त्याच्या इंटर्ननी पाकिटातल्या नूडल्सशिवाय काही खाल्लं नव्हतं. रेहेमाने पहिल्या सोमवारी त्यालाही वाटी पाठवली होती. तिला 'नमुना' अशी चिठ्ठी डकवून त्याने ती फळीवर ठेवून दिली होती. आता सगळे फोटोत मावावेत म्हणून तो मागे मागे सरकत होता.

"साहेब, मागं आजोबा बसलेत!" नेमा ओरडली.

"कुठे? मला तर कुणी दिसत नाही," म्हणत गुस्ताव आजोबांवर बसला.

पेंग्विन किती मोठ्याने ओरडू शकतो, हे त्या जंगलाला पहिल्यांदाच कळलं. सहाही इंटर्न धावले, पण त्या उजेडात काटा कुठला आणि शेपूट कुठलं हे त्यांना उमगेना. त्यांनी दोनदा शेपूटच ओढलं. शेवटी नेमा पुढे झाली आणि एकेक काटा अलगद काढू लागली.

"काय नजर आहे गं तुझी!" गुस्ताव कण्हत म्हणाला. "खातेस तरी काय?"

"रताळी."

"छे! त्यांचा काही उपयोग नाही. सिद्ध झालंय ते," गुस्ताव म्हणाला. "अजून एक राहिलाय बघ. जरा डावीकडे."

तात्पर्य: शेजारी वाटी पाठवू नये. दोन्ही घरं बरी झाली, तर औषध खोटं ठरतं.