प्रेमिलाबाईंचे टोळ

"महिनाभरात वीस मुलं? आनंदराव, येत्या रविवारीच चाळीस बसवून दाखवते!"

प्रेमिलाबाईंनी हे वाक्य अख्ख्या कमिटीसमोर ठणकावलं आणि पदर खोचून त्या बाहेर पडल्या. चौऱ्याहत्तर सालचा ऑक्टोबर होता. नागपुरातल्या त्या लहानशा चर्चची संडे स्कूल बाई नऊ वर्षं चालवत होत्या. हजेरीपटावर मंडळीतल्या पोरांची साठ नावं, आणि सतरंजीवर मोजून सात डोकी! बाकीची त्रेपन्न रविवारी मैदानात बॅट फिरवत. म्हणून कमिटीचे सेक्रेटरी आनंदराव हटून बसले होते : पोरं वाढली नाहीत तर वर्ग बंद, आणि खोलीत मोडक्या खुर्च्या! आनंदरावांचा चेहरा असा, की हा माणूस रोज कारल्याच्या रसानेच तोंड धुतो की काय!

बाईंची योजना साधी होती. पोरं देवाचं वचन ऐकायला येत नाहीत? खायला येतील! दर रविवारी बायबलमधला एक पदार्थ, आणि त्याच्याबरोबर त्याची गोष्ट. सुरुवात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापासून. तो रानात राही आणि टोळ व रानमध खाई. बाईंनी गूळ घालून कणीक मळायचं ठरवलं. तिचे बोटभर टोळ वळायचे, मोहरीचे डोळे लावायचे, खरपूस तळायचे आणि मधात बुडवून द्यायचे.

गुरुवारी त्यांनी आपल्या सातही विद्यार्थ्यांना सांगितलं, "रविवारी टोळ खायचे आहेत! सगळ्यांना सांगा!"

कणकेचे, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

घरी रुपरावांनाही त्यांनी तेच ऐकवलं. रुपराव, म्हणजे बाईंचे यजमान, एसटीत कंडक्टर. बायकोचा शब्द त्यांना छापील वेळापत्रकासारखा. "टोळ? किती लागन वं?" त्यांनी विचारलं.

"शंभरेक तरी!" बाई कणीक चाळता चाळता म्हणाल्या.

रुपरावांनी मान डोलावली आणि शनिवारी सकाळी ते नरखेडच्या मुक्कामी गाडीवर गेले. तिथे त्यांचे दोस्त मारोतराव यांची संत्र्याची बाग. दोघा दोस्तांनी शनिवारची अख्खी दुपार धुऱ्यावर, म्हणजे बागेच्या बांधावर, गवतात उड्या मारून काढली! रविवारी पहिल्या गाडीनं रुपराव घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात डालड्याचा डबा होता, तोंडाला फडकं बांधलेला. बाई न्हाणीत होत्या. रुपरावांनी डबा स्वयंपाकघरात ठेवला आणि समाधानानं आडवे झाले.

बाईंचे टोळही डालड्याच्याच डब्यात. त्याच्याही तोंडाला फडकंच!

घाईघाईत बाईंनी मधाची बरणी आणि हाताला लागला तो डबा उचलला. आत खुडखुड वाजलं. 'काय कुरकुरीत झालेत!' असं मनात म्हणत त्या निघाल्या.

चर्चशी पोचतात तो काय! दाराबाहेर चपलांचा डोंगर! खोलीत, खिडकीत, जिन्यावर पोरंच पोरं. मैदान ओस पडलं होतं. बाईंना टोळ खाताना बघायचं कोण चुकवणार? पण पोरांच्या मागोमाग त्यांच्या आयाही आल्या होत्या, आणि सगळ्यांत पुढे शोभाताई, कमरेवर हात ठेवून.

"काहून वं बाई? आमच्या लेकरायले किडे खाऊ घालून राहिल्या तुम्ही?"

"मी हे वहीत लिहून घेतोय," आनंदराव मागून म्हणाले.

बाई मोठ्यानं हसल्या. "अहो शोभाताई, कणकेचे टोळ ते! या, तुमच्या डोळ्यांनीच बघा!" आणि त्यांनी ऐटीत फडकं सोडलं.

शंभर टोळ एकदम उडाले!

एक शोभाताईंच्या अंबाड्यात, दोन पेटीच्या पट्ट्यांवर. एक आनंदरावांच्या टकलावर उतरला, दोनदा घसरला आणि तिसऱ्यांदा ठाण मांडून बसला. आया किंचाळल्या. पोरं आनंदानं वेडी झाली! "पकड गा! तो बघ, साहेबाच्या डोक्यावर!" बाई मात्र फडकं हातात धरून पुतळ्यासारख्या उभ्या. नऊ वर्षांचा वर्ग डोळ्यांदेखत खिडकीतून उडून चालला होता.

तेवढ्यात रुपराव धापा टाकत दारात! काखेत दुसरा डबा.

"अवं, काही खरं नाही! मी शंभर जित्ते मोजून आणले होते, अन् या डब्यात तं कोणीतरी तळून ठेवले!"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी डबा ओढून घेतला, एक टोळ वर धरला आणि सगळ्यांसमोर त्याचं मुंडकं कचकन चावून खाल्लं. एका पोराची आई मटकन खालीच बसली!

"गुळाचा आहे," बाई चावता चावता म्हणाल्या. "घ्या!"

शोभाताईंनी डोळे मिटून एक पाय तोडला. चाखला. मग दुसरा पाय. मग अख्खा टोळ मधात बुडवला. "कणकेत मोहन किती घातलं वं?" त्यांनी हळूच विचारलं, आणि लढाई संपली! पोरं डब्यावर तुटून पडली. आयांनी आपापसात पुढचे रविवार वाटून घेतले : बायबलमधलं मसुरीचं वरण एकीकडे, खजूर दुसरीकडे.

आनंदरावांनी टक्कल पुसून डोकी मोजली. एकसष्ट! पटावरच्या नावांहून एक जास्त, मैदानातून कुणाच्या तरी मागे आलेलं. त्यांनी पुन्हा मोजलं, पुन्हा एकसष्ट. मग त्यांनी वही मिटली. "वर्ग चालू राहील," ते म्हणाले, आणि बाईंना वाटलं, आपण तरंगतच घरी जाणार.

पण सेक्रेटरीच तो. "खाणं झालं," आनंदराव चष्मा सावरत म्हणाले. "आता सांगा बरं, योहान लोकांना काय सांगत असे?"

एकसष्ट पोरं बोटं चाटत राहिली. शेवटी जुन्या सातांतला कवडू उभा राहिला.

"काहीच नाही, साहेब! त्याच्या तोंडात टोळ होता नं, बोलन कसा?"

आनंदरावांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं. उत्तर सांगायला बाईंनी तोंड उघडलं खरं, पण त्यांच्याही तोंडात टोळच होता!